गळ, दांडी आणि दोरी : तळ्याकाठचा एक धडा

श्रावण सरत आला आहे. मुदखेडच्या परिसरातील तळी भरली आहेत आणि शाळेला सुट्टी आहे. तळ्याच्या काठी दोघे जण गळ टाकून बसले आहेत, अशी कल्पना करा. एकाजवळ शहरातून आणलेली जाड, ताठ, चकचकीत दांडी आहे आणि तिला विणलेली मजबूत दोरी बांधलेली आहे. दुसऱ्याजवळ शेंड्याकडे निमुळती होत गेलेली वेळूची काठी आणि साधी नायलॉनची दोरी. दोघांच्याही गळाला सारख्याच वजनाची मरळ लागते. पहिल्याची दोरी 'टण्ण' आवाज करून तुटते. दुसऱ्याची काठी कमानीसारखी वाकते, मासा इकडेतिकडे धावतो, दमतो आणि पाच मिनिटांनी काठाला येतो.

मजबूत सामान हरले आणि साधे सामान जिंकले, असे का झाले? 'नशीब' असे उत्तर देऊन आपण गप्प बसू शकतो. पण मग पहिल्या माशाचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. तोंडात गळ आणि मागे लोंबणारी हातभर दोरी घेऊन तो पाण्यात गेला आहे. ती दोरी लव्हाळ्यात अडकली तर तो तेथेच अडकून मरेल. म्हणून दांडी, दोरी आणि आमिष यांची निवड ही केवळ हौसेची बाब नव्हे. ती नीट केली, तर जो मासा हवा तोच मिळतो आणि नको असलेल्याला जिवंत सोडता येते. ही निवड करण्यासाठी लागणारे बहुतेक शास्त्र तुमच्या आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

जुनी विद्या

गळाने मासे धरणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. मराठवाड्याच्या दक्षिण सीमेला लागून असलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेचे जुने नमुने त्यात आढळतात म्हणून भाषेचे अभ्यासक त्याचे नाव घेतात. याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि त्यांना गळाने कसे पकडावे, याची माहिती राजाने त्यात दिली आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर शोधनिबंध लिहून ते प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांपुढे आणले.

त्या काळापासून आजपर्यंत एक नियम बदललेला नाही. आधी मासा ओळखावा, मग आमिष ठरवावे, आमिषावरून दोरी आणि दोरीवरून दांडी. बहुतेक नवशिके याच्या उलट करतात. दुकानात दांडी आवडली म्हणून घेतात आणि मग तिला काय बांधावे याचा विचार करतात.

आधी मासा

आपल्या तळ्यांत आणि गोदावरीत सर्व मासे एकाच ठिकाणी राहत नाहीत आणि एकच अन्न खात नाहीत. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी चरतो. या तिघांना चकाकणारे खोटे आमिष दाखवून काही उपयोग नाही, कारण ते दुसऱ्या माशांचा पाठलाग करणारे नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा किंवा शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा हवा. शिंगाडा आणि वाम हे तळाशी राहणारे आणि बहुधा रात्री बाहेर पडणारे मासे. त्यांना गांडूळ चांगले.

मरळीची गोष्ट वेगळी आहे. ती शिकारी आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल राहायचे आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की बाणासारखी झडप घालायची, ही तिची रीत. अमेरिकेत 'बास' नावाचा गोड्या पाण्यातील मासा असाच दबा धरून शिकार करतो. त्याला पकडण्यासाठी तिकडे शेकडो प्रकारची खोटी आमिषे निघाली आणि त्यांवर पुस्तके लिहिली गेली. आपल्याकडील तळ्यांत बास नाही. पण शिकारीची पद्धत सारखी असल्यामुळे त्या आमिषांपैकी बरीचशी मरळीला चालतात.

मात्र मरळीत एक गोष्ट आहे जी बासमध्ये नाही. ती हवेतून श्वास घेते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवणाऱ्या पोकळ्या असतात. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने तिला पृष्ठभागावर यावेच लागते. पाणी आटून चिखल झाला तरी ती काही काळ तग धरते, ती याच कारणाने. आपल्या शेजारच्या तेलंगणाने मरळीला राज्यमाशाचा मान दिला आहे, यावरून तिचे महत्त्व कळेल.

मग आमिष

खोट्या आमिषांचे तीन मुख्य प्रकार लक्षात ठेवा.

पहिला 'चमचा'. हा धातूचा बाकदार पत्रा असतो. ओढला की डोलतो आणि जखमी माशासारखा चमकतो. अमेरिकेतील ज्युलिओ ब्युएल याने १८५२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. दुसरा प्रकार भिंगरीचा. यात तारेभोवती एक लहान पाते गरगर फिरते. तिसरा रबरी बेडूक. तो पोकळ असल्याने तरंगतो आणि त्याच्या गळाची टोके पाठीला चिकटून वर वळलेली असतात. त्यामुळे तो पाणवनस्पतींवरून ओढला तरी अडकत नाही. मरळीने तो तोंडात दाबला की रबर चेपते आणि टोके उघडी पडतात.

यांतून कोणता निवडायचा, हे पाण्यावरून ठरते. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी गढूळ असते. अशा पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून चमक व्यर्थ जाते. पण माशाला दुसरे एक ज्ञानेंद्रिय आहे. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील हालचाल आणि कंपने तिच्यामुळे जाणवतात. गढूळ पाण्यात भिंगरी चांगली ठरते, कारण तिचे फिरणारे पाते पाणी हलवते. हिवाळ्यात पाणी निवळले की चमचा उपयोगी पडतो. लव्हाळे आणि जलपर्णी दाट असेल तेथे फक्त बेडूक.

रंगाविषयीही एक गंमत सांगतो. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. त्यामुळे दुकानात लालभडक दिसणारे आमिष खोल पाण्यात काळपट दिसते. रंग पाहून भुलतो तो बहुधा गिऱ्हाईक, मासा नव्हे!

दोरीचे गणित

पूर्वी दोरी रेशमाची, सुताची किंवा घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स याच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि पुढे गळाच्या दोरीत क्रांती झाली. आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक नायलॉनची एकपदरी दोरी, दुसरी पॉलिथिलीनच्या अतिबारीक धाग्यांची विणलेली दोरी.

दोरीची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ०.२० मि.मी. जाडीची नायलॉन दोरी २.५ कि.ग्रॅ. भार पेलते. मग ०.४० मि.मी. जाडीची दोरी दुप्पट नव्हे, तर चौपट, म्हणजे १० कि.ग्रॅ. भार पेलेल. पण जाड दोरी लांब फेकली जात नाही, पाण्यात तिला जास्त अवरोध होतो आणि निवळ पाण्यात ती माशाला दिसते. म्हणून पुरेल एवढी जाड, त्याहून जास्त नको.

वेष्टनावर छापलेला आकडा मात्र पूर्ण खरा मानू नका. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर थोडे कमजोर होते. उन्हात पडून राहिले की आणखी कमजोर होते. सर्वांत मोठी गळती गाठीत होते. साधी एकेरी गाठ मारली तर दोरीची निम्मी ताकद जाऊ शकते, कारण गाठीत दोरी तीव्र वाकते आणि स्वतःलाच कापते. म्हणून गळाजवळ दोरी स्वतःभोवती पाच-सहा वेळा पिळून मग टोक पहिल्या फासातून ओवावे. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि नायलॉनला इजा होते.

विणलेली दोरी त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा दोन-तीन पट मजबूत असते. ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते, म्हणून पाणवनस्पतींवर बेडूक ओढण्यास उत्तम. मग पहिल्या मुलाची मजबूत दोरी का तुटली? त्याचे उत्तर दोरीच्या ताकदीत नसून तिच्या ताणात आहे. नायलॉन तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके लांबते. विणलेली दोरी जेमतेम शेकडा तीन-चार लांबते. याचा परिणाम काय होतो, ते आता पाहू.

धक्का कोणी सोसायचा?

पाण्यात माशाचे वजन जवळजवळ शून्य असते. त्याची घनता पाण्याएवढीच असल्याने उत्प्लावक बल त्याला पेलून धरते. मग २ कि.ग्रॅ.चा मासा ८ कि.ग्रॅ.ची दोरी कशी तोडतो? तो वजनाने तोडत नाही, धक्क्याने तोडतो.

समजा, २ कि.ग्रॅ.ची मरळ सेकंदाला २ मीटर वेगाने पळत आहे. तिची गतिज ऊर्जा अशी :

½ × २ × २ × २ = ४ ज्यूल.

तिला थांबवायचे म्हणजे एवढे कार्य करावे लागणार. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. दांडी ताठ आणि दोरी न ताणणारी असेल, तर मासा जेमतेम ५ सें.मी.मध्ये थांबतो. तेव्हा सरासरी बल ४ ÷ ०.०५ = ८० न्यूटन, म्हणजे सुमारे ८ कि.ग्रॅ. भार. दांडीचे टोक ५० सें.मी. वाकले, तर बल ४ ÷ ०.५ = ८ न्यूटन, म्हणजे फक्त पाऊण कि.ग्रॅ.च्या आसपास. शिवाय स्प्रिंगप्रमाणे ताण वाढत जातो, म्हणून शेवटच्या क्षणी बल सरासरीच्या दुप्पट होते. पहिल्या वेळी १६ कि.ग्रॅ., दुसऱ्या वेळी १.६ कि.ग्रॅ. मासा थांबवताना शेपटी मारत राहतो, ते आपण येथे धरलेले नाही. पण दोन आकड्यांमधील दसपट फरक त्यामुळे नाहीसा होत नाही.

क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच हे तत्त्व. दोरी टिकली तरी एवढ्या झटक्याने गळ माशाच्या जबड्यातून फाटून निघू शकतो. म्हणून पहिला नियम असा : मऊपणा कोठेतरी असलाच पाहिजे. दोरी ताणणारी नसेल, तर दांडी वाकणारी हवी. दांडी ताठ असेल, तर दोरा गुंडाळणारी चरखी घसरणारी हवी. चरखीला एक ब्रेक असतो. तो दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर सुटेल असा ठेवतात. प्रयोगशाळेतील ताणकाट्याने तो तपासता येतो.

दांडी : उलटी तरफ

दांडीमुळे आपली शक्ती वाढते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. दांडीचे बूड पोटाशी टेकवले आहे, म्हणजे तो टेकू. तेथून अर्ध्या मीटरवर आपला हात आहे, ते बल. तीन मीटरवर, टोकाशी, मासा आहे, तो भार. बल मध्ये असल्याने ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली, चिमट्यासारखी. माशाने १ कि.ग्रॅ. भाराने काटकोनात ओढले, तर आपल्याला ३ ÷ ०.५ = ६ कि.ग्रॅ. बल लावावे लागते! फायदा माशाचा होतो.

पण दांडी वाकली की गणित बदलते. टोक माशाच्या दिशेला वळते, भारभुजा आखूड होते. ती दीड मीटर झाली, तर आपल्याला ३ कि.ग्रॅ. बल पुरते. दांडी वाकते तेव्हा ती हरत नसते. ती आपल्याला आणि दोरीला, दोघांनाही वाचवत असते.

दांडीचे दुसरे काम आमिष फेकण्याचे. फेकताना ती आधी मागे वाकते आणि मग धनुष्यासारखी सरळ होते. पाच ग्रॅमचे आमिष जाड दांडीला वाकवूच शकत नाही, म्हणून ते दूर जात नाही. तीस ग्रॅमचा चमचा नाजूक दांडीला बांधला, तर ती मोडण्याची भीती. म्हणूनच चांगल्या दांडीच्या बुडाशी किती ग्रॅमचे आमिष आणि किती ताकदीची दोरी, हे छापलेले असते. दांडी घेताना रंगापेक्षा तो मजकूर आधी वाचावा.

विकत घेणे शक्य नसेल, तर वेळू आहेच. भरीव, सरळ, शेंड्याकडे निमुळता वेळू सावलीत सुकवावा. दोरी नुसती शेंड्याला न बांधता तेथून दांडीवर गुंडाळत मुठीपर्यंत आणून बांधावी. शेंडा मोडला तरी मासा दोरी घेऊन पळणार नाही. तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पुरतो. बुडवण्यासाठी शिशाऐवजी लोखंडी नट वापरा. शिसे विषारी आहे. गाळात पडलेले शिशाचे मणी राजहंसांसारखे पक्षी गिळून मरतात, असे आढळल्यावर इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाच्या लहान शिशांवर बंदी आली.

करून पाहा

एक बादली, नायलॉनची दोरी आणि एक लिटरचे माप घ्या. बादलीचे वजन करून लिहून ठेवा. जमिनीपासून चार बोटे उंच राहील अशी बादली दोरीने टांगा आणि एक एक लिटर पाणी ओता. एक लिटर पाणी म्हणजे एक कि.ग्रॅ. दोरी कोणत्या लिटरला तुटली ते पाहा. नंतर हाच प्रयोग (१) मध्ये साधी गाठ मारून, (२) दोरी रात्रभर भिजवून, (३) महिनाभर छपरावर उन्हात ठेवून करा. प्रत्येक प्रयोग तीनदा करून सरासरी काढा. तुटलेली दोरी झटक्याने उसळते, म्हणून तोंड दूर ठेवा. दोरी कोठे तुटते, तेही नोंदवा.

काठावरची शिस्त

पावसाळ्यात मरळ अंडी घालते. नंतर पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसतो. त्याखाली आईबाप राखण करत असतात आणि जवळ येणाऱ्या कशावरही धावून जातात. त्यामुळे त्या वेळी रबरी बेडकाला मरळ हमखास लागते. पण ती काढली, की पिल्ले उघडी पडतात आणि इतर मासे व पाणकावळे त्यांचा फडशा पाडतात. एका माशाच्या मोहाने पुढच्या वर्षीच्या मरळी नाहीशा होतात. तांबूस पुंजका दिसला की आमिष गुंडाळावे आणि दुसरीकडे जावे.

सोडावयाचा मासा ओल्या हातानेच धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला, तर गळ चटकन निघतो. तुटलेली दोरी पाण्यात टाकू नये. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. शासनाची बरीच तळी आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. नांदेडजवळचा विष्णुपुरीचा जलाशय असो की गावतळे, आधी परवानगी विचारावी. आणि दोन गोष्टी जिवाच्या : पाण्यावर एकटे जाऊ नये, आणि शेतावरून विजेच्या तारा गेल्या असतील तेथे दांडी उभारू नये. कार्बनच्या दांडीतून आणि ओल्या वेळूतूनही वीज वाहते.

आता पुन्हा त्या दोन मुलांकडे पाहा. पहिल्याचे सामान कमजोर नव्हते. ते एकमेकांशी जुळलेले नव्हते. विणलेली दोरी ठेवून त्याने वाकणारी दांडी घेतली असती, किंवा ताठ दांडीला नीट ब्रेक लावलेली चरखी बसवली असती, तर मरळ काठाला आली असती. मग ती घरी न्यायची की सोडायची, हे त्याला ठरवता आले असते.

स्वाध्याय

१. ०.३० मि.मी. जाडीची दोरी ५.६ कि.ग्रॅ. भार पेलते. त्याच नायलॉनची ०.१५ मि.मी. जाडीची दोरी किती भार पेलेल?

२. ३ कि.ग्रॅ.चा मासा सेकंदाला २ मीटर वेगाने जात आहे. त्याला ६० सें.मी. अंतरात थांबवण्यास सरासरी किती बल लागेल?

३. तुमच्या गावातील तळ्याचे पाणी जुलैत आणि जानेवारीत कसे दिसते, याची नोंद ठेवा. दोन्ही वेळी कोणते आमिष निवडाल आणि का?